घोडीला रोज हरभरा किती घालता?

नाशिकजवळ मखमलाबादच्या अंगाला आमचा छोटा तबेला आहे. तिथे येणारे बहुतेकजण घोडीच्या मानेवर हात फिरवून झाला की हेच विचारतात. कुणी निफाड-दिंडोरीकडचे बागायतदार असतात, मुलाच्या हौसेखातर नुकतीच घोडी घेतलेली असते. कुणी वरातीला घोडी देणारे असतात, कुणी मुलीला घोडेस्वारी शिकवायला आणणारे आईवडील. तुम्ही विचारलंत म्हणून सगळं सविस्तर लिहिते. हरभऱ्याचा आकडाही सांगते, पण घोडीच्या पोटात काय चालतं ते कळल्याशिवाय नुसता आकडा उचलून नेलात तर तो तुमच्या जनावराला बाधेल.

आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या गाय, म्हैस, बैल. त्यामुळे चारा घालण्याची सवय त्यांच्यावरून पडलेली. गाय भराभर गिळून घेते आणि मग सावलीत बसून निवांत रवंथ करते. तिच्या पोटातल्या मोठ्या कप्प्यात सूक्ष्मजंतू आधी चारा आंबवतात, बाकीचं पचन नंतर. सकाळ-संध्याकाळ भरपूर टाकलं की तिचं भागतं. घोडा रवंथ करत नाही. त्याला जठर एकच आणि तेही देहाच्या मानानं फार लहान, ८ ते १५ लिटरचं. सूक्ष्मजंतूंचा कारखाना त्यालाही आहे, पण तो पार शेवटी, मोठ्या आतड्यात. म्हणजे खाल्लेलं अन्न आधी जठर आणि लहान आतड्यातून जातं आणि उरलेलं मागे जाऊन आंबतं. चंदीचे, म्हणजे दाण्याच्या खुराकाचे, आणि वैरणीचे सगळे नियम या क्रमातून निघतात.

मोकळा घोडा दिवसाचे सोळा-सोळा तास चरतो. थोडं खायचं, दोन पावलं पुढे जायचं, पुन्हा खायचं. त्याचं जठर त्याच बेतानं बनलेलं आहे. पोटात काही असो वा नसो, आम्ल सतत पाझरत राहतं. आम्लाला उतारा लाळेचा, आणि घोड्याला लाळ सुटते ती चावतानाच. एक किलो सुकं गवत चावून संपवायला घोडीला सुमारे ४० मिनिटं लागतात. तेवढ्याच वजनाचा दाणा ती दहा मिनिटांत संपवते. दोन्हींतली लाळ किती वेगळी असेल, बघा. पोटभर वैरण मिळणाऱ्या घोड्याच्या तोंडात दिवसाला ३५-४० लिटर लाळ तयार होते.

आता आपल्याकडची रीत पाहा. संध्याकाळी सातला तोबरा, म्हणजे तोंडाला बांधायची दाण्याची पिशवी, चढवला, थोडा कडबा टाकला, तो नऊपर्यंत संपला. मग सकाळी सहापर्यंत गव्हाण रिकामी. इतके तास आम्ल पाझरतंय आणि लाळ नाही. जठराच्या वरच्या भागाला आम्लापासून वाचवणारं अस्तर नसतं, तिथे व्रण पडतात. अशी घोडी दाणा अर्धा सोडून देते, खोगिराचा तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, आवळायला गेलं की कान मागे टाकून चावायला येते, खांब कुरतडते. लोक म्हणतात खोडकर आहे. खोडकर नसते हो, तिच्या पोटात आग पडलेली असते.

माझ्या वडिलांचा टांगा होता. शालिमारपासून पंचवटीपर्यंत दिवसभर भाडं मारायचे. ते फार शिकलेले नव्हते, पण स्वतः झोपण्याआधी घोड्यापुढे कडबा सोडल्याशिवाय अंथरुणाला पाठ टेकत नसत, आणि पहाटे घोड्याला जुंपण्याआधी त्याच्या तोंडात चार काड्या असल्याच पाहिजेत हा त्यांचा दंडक होता. आज डॉक्टरही तेच सांगतात. रपेटीआधी थोडं गवत किंवा मूठभर लसूणघास पोटात असला तर धावताना आम्ल उसळून जठराच्या त्या वरच्या उघड्या भागाला लागत नाही.

म्हणून आमच्याकडे हिशेब वैरणीपासून सुरू होतो. घोड्याच्या वजनाच्या दोन टक्के सुकी वैरण, आणि काही झालं तरी दीड टक्क्याच्या खाली नाही. वजनकाट्यावर घोडी चढवायची सोय आपल्यापैकी किती जणांकडे असणार? शिंप्याच्या टेपनं काम होतं. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा, मग खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८७७. घेर १७० आणि लांबी १५० असली तर वजन साधारण ३६५ किलो. तिला दिवसाला सात किलोच्या वर सुकी वैरण हवी. कडब्याच्या पेंड्या मोजून अंदाज चुकतो, कारण पेंडी लहानमोठी असते. दाराशी एक ताणकाटा टांगून ठेवा.

आम्ही त्र्यंबकच्या बाजूचं डोंगरी गवत दिवाळीनंतर भरून घेतो, त्यात मारवेल जास्त असलं तर उत्तम. कुसळी गवत परवडतं म्हणून घेऊ नका. कुसळं गालात आणि जिभेखाली रुततात, जखमा होतात आणि घोडी खायची बंद होते. पावसात भिजून बुरशी धरलेली वैरण गाईला घालतानाही हात आखडावा, घोडीपुढे तर मुळीच टाकू नये. द्राक्षबागेतल्या ओळींमधलं गवत फुकट मिळतं, पण बागेवर फवारण्या किती होतात ते बागायतदारांना मी काय सांगू. ते आमच्या तबेल्यात येत नाही.

आता दाणा. दाण्यातलं पिष्ट, म्हणजे स्टार्च, लहान आतड्यात पचतं, पण घोड्याची ती ताकद बेताची. एका वेळी वजनाच्या दर किलोमागे एक ग्रॅम पिष्ट, ही सुरक्षित मर्यादा धरतात. ३६५ किलोच्या घोडीला म्हणजे एका वेळी ३६५ ग्रॅम पिष्ट. मक्यात ७० टक्क्यांच्या आसपास पिष्ट असतं, तेव्हा अर्धा किलो मक्यातच मर्यादा गाठली. वर मक्याचं कच्चं पिष्ट घोड्याला ओटच्या पिष्टाइतकं पचतही नाही. हरभऱ्यात पिष्ट मक्यापेक्षा बरंच कमी आणि प्रथिनं जास्त, म्हणून आपल्या जुन्या लोकांनी हरभरा धरला तो योग्यच. हलक्या कामाच्या अशा घोडीला मी भिजवलेला हरभरा आणि ओटचा भरडा मिळून एका वेळी अर्धा-पाऊण किलो घालते, दिवसातून दोनदा, आणि वैरण खाऊन झाल्यावर. जी घोडी नुसती उभी आहे, आठवड्यातून एकदा अंगणात फिरते, तिला दाणा शून्य. वैरण, मीठ आणि पाणी यांवर ती छान राहते. उन्हाळ्यात रात्री भिजवलेला हरभरा सकाळी नाकाला लावून बघा. आंबूस वास आला तर फेकून द्या.

मर्यादेपेक्षा जास्त दाणा गेला तर काय होतं? न पचलेलं पिष्ट तसंच मोठ्या आतड्यात उतरतं. तिथे तंतुमय चाऱ्यावर जगणारे सूक्ष्मजंतू असतात, चाऱ्यापासून घोड्याला ताकद देणारी आम्लं ते हळूहळू बनवत असतात. पिष्टावर मात्र दुसरेच जंतू माजतात, झपाट्यानं तीव्र आम्ल होतं, चांगले जंतू मरतात आणि त्यांचं विष रक्तात उतरतं. एक तर शूळ उठतो, नाहीतर एक-दोन दिवसांत खुरांवर येतं. खुराच्या आत हाड धरून ठेवणारे नाजूक पदर सुजतात. घोडी पुढचे पाय पुढे टाकून मागे रेलून उभी राहते, पाऊल उचलायला तयार होत नाही, खूर हाताला गरम लागतो. बियाण्याच्या पोत्याला तोंड लागलं, रात्रभरात घोडीनं अर्धं पोतं संपवलं, असं कुणी सांगत आलं की मी पुढचं ऐकत बसत नाही, आधी डॉक्टरांना फोन करायला लावते. लक्षणं दिसायच्या आधी जे तास हातात असतात, तेच मोलाचे.

मोठ्या आतड्यातलं काम मी रोज कानानं ऐकते. तुम्हीही ऐका. घोडीच्या उजव्या कुशीला, शेवटच्या बरगडीच्या मागे वरच्या बाजूला कान लावा. थोडा वेळ शांत जातं आणि मग लांबून गडगडत, पाणी ओतल्यासारखा आवाज येतो. तिथे सुमारे ३० लिटरची पिशवी आहे, मोठ्या आतड्याच्या तोंडाशी. दोन्ही कुशींना वर आणि खाली, चार जागी ऐकायचं. सगळीकडे शांतता असली तर काहीतरी बिनसलंय. मग लीद बघायची. गोळा हातात घेऊन फोडायचा. बाहेरून किंचित चमकदार, फोडला की ओलसर, बारीक तंतू. आत अख्खे दाणे दिसले तर दातांच्या कडा धारदार झाल्यात किंवा घोडी दाणा न चावता गिळतेय. लांब काड्या दिसल्या तरी दातच तपासायचे. कोरडे, कडक, लहान गोळे म्हणजे पाणी कमी पडतंय.

नुकतंच झालेलं शिंगरू आईची लीद खाताना दिसलं की नवखे मालक धावून जातात. जाऊ नका. त्याच्या आतड्यात अजून हे सूक्ष्मजंतू नाहीत, ते शिंगरू आईकडून घेतंय.

हे जंतू ज्या चाऱ्यावर वाढलेत त्यालाच सरावलेले असतात, म्हणून खाणं बदलायचं तर दोन आठवडे लावा. येवल्याच्या किंवा सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून घोडी आणताना भाव ठरला की लोक नाल बघतात, अंगावरचे केसांचे भोवरे बघतात, आणि ती काय खात होती हे विचारायचं राहून जातं. विकणाऱ्याकडून तिची नेहमीची वैरण दोन-चार दिवसांची तरी बरोबर घ्या आणि आपली त्यात रोज थोडी थोडी वाढवत न्या. प्रवासानं आधीच शिणलेली घोडी घरी आणून कौतुकानं भरल्या गव्हाणीशी बांधली की अनेकदा त्याच रात्री शूळ उठतो. पावसाळ्यातल्या पहिल्या कोवळ्या गवतालाही हीच सावधगिरी.

कोंड्याबद्दल थोडं कळकळीनं सांगते. गव्हाचा कोंडा स्वस्त, घोडी आवडीनं खाते, म्हणून घमेलंभर घालायची पद्धत आहे. कोंड्यात फॉस्फरस खूप आणि कॅल्शियम जवळजवळ नाही. महिनोन्‌महिने असं चाललं की शरीर कॅल्शियम हाडांतून ओढायला लागतं. चेहऱ्याची हाडं फुगतात, पाय धरतात. नेपियरसारख्या हिरव्या चाऱ्यात ऑक्झलेट असतं, ते उरलंसुरलं कॅल्शियमही बांधून ठेवतं. गोठ्यासाठी लावलेला नेपियर आणि वर कोंडा, ही जोडी आपल्या जिल्ह्यात मळ्यामळ्यात दिसते. रोज थोडा लसूणघास घातला तर हे टळतं, त्यात कॅल्शियम भरपूर असतं.

कोंबडीखाद्याचं तर नावही नको. त्यात रोगप्रतिबंधासाठी मोनेन्सिनसारखी औषधं मिसळलेली असू शकतात, कोंबड्यांना ती चालतात आणि घोड्याचं हृदय थांबवतात. काही पशुखाद्यांतही ती असतात. आपल्याकडे शेजारीच पोल्ट्री असते, पोतं फाटकं असतं, घोडी सुटलेली असते. पोल्ट्रीच्या खोलीला कडी लावा.

खंडोबाचं वाहन म्हणून श्रद्धेनं पोळ्या आणि पेढे घेऊन येणारे आमच्याकडेही येतात. त्यांचं मन मोडवत नाही. एक घास घोडीला देऊ देते आणि बाकीचं बाजूला ठेवते, कारण दहा जणांच्या दहा पोळ्या म्हणजे घोडीच्या पोटात कणकेचा गोळा. पुढच्या वेळी गाजरं आणा म्हणून सांगते, लांब उभी फोड करून. गंगापूर रोडच्या बंगल्यांतून लॉनचं ताजं कापलेलं गवत पोत्यात भरून आणतात तेही मी परत पाठवते. बारीक चिरलेलं, दाबून भरलेलं गवत पोत्यातच तापून आंबायला लागतं आणि घोडी ते न चावता गिळते.

पाणी दिवसाला २५ ते ४० लिटर, उन्हात काम असेल तर त्याहून जास्त. मोठं आतडं एका जागी उलटं वळतं आणि तिथे एकदम अरुंद होतं. पाणी कमी पडलं की कोरडी वैरण नेमकी तिथे अडकते. निफाडकडे डिसेंबर-जानेवारीत पारा उतरतो, हौदातलं पाणी बर्फासारखं गार पडतं आणि घोड्या तोंड लावून बाजूला होतात. बादलीत थोडं कढत पाणी मिसळून कोमट करून द्या, किती पितात बघा. लग्नसराईत वरातीची घोडी तासन्‌तास डीजेसमोर उभी असते, तिच्याबरोबर पाण्याचा कॅन आणि गवताची जाळी नेणं फार अवघड नाही.

आणि शूळ उठलाच तर. घोडी पुढच्या पायानं जमीन उकरते, वळून वळून कुशीकडे बघते, बसते, उठते, लोळते. लीद थांबते. घोड्याला उलटी होत नाही, जठराच्या तोंडाशी इतका घट्ट स्नायू आहे की आत गेलेलं परत येऊच शकत नाही, त्यामुळे गच्च भरलेलं जठर फुटूही शकतं. गव्हाण रिकामी करा, हळूहळू चालवा, डॉक्टरांना लगेच बोलवा. बाटलीनं तेल किंवा काढा तोंडात ओतू नका, नाकात तर नाहीच. तो श्वासनळीत उतरला तर पोट बरं होऊनही घोडी फुप्फुसानं जाते. तेल द्यायचं की नाही ते डॉक्टर ठरवतील आणि नाकातून जठरापर्यंत नळी घालून तेच देतील. ते येईपर्यंत शेवटची लीद कधी टाकली, काय खाल्लं आणि कुशीतला आवाज चालू आहे का, एवढं कागदावर लिहून ठेवा.