कर्ज विभागातून बोरूकडे

नाशिकमधील एका बँकेच्या कर्ज विभागात अकरा वर्षे ताळेबंद तपासल्यानंतर २०२२ च्या जूनमध्ये मी राजीनामा दिला आणि देवनागरी सुलेखन हा पूर्णवेळ व्यवसाय म्हणून स्वीकारला. त्यामागे चार वर्षांची तयारी होती.

सुरुवात रविवारच्या एका वर्गापासून झाली. पहिल्या दिवशी मी नवी निब घेऊन गेले, तेव्हा सर म्हणाले, "मॅडम, निब नंतर. आधी बोरू तासायला शिका." बोरूचे, म्हणजे काडीच्या लेखणीचे, टोक चाकूने दोन्ही बाजूंनी निमुळते करायचे, शाई खाली उतरावी म्हणून मधोमध बारीक उभी चीर द्यायची आणि शेवटी टोक एका झटक्यात तिरके छाटायचे, देवनागरीसाठी हा काप इंग्रजी अक्षरांसाठी लागतो त्याच्या उलट बाजूला असतो. हात कचरला की टोकाला तूस राहते आणि ‘क’च्या पोटात शाई पसरते. पहिले तीन महिने या छाटणीतच गेले आणि ते वाया गेले असे मला कधीच वाटले नाही.

निर्णय मात्र पक्का झाला तो नाशिकजवळच्या पांडवलेण्यांत. दहाव्या लेण्यातील उषवदाताचा, म्हणजे क्षत्रप राजा नहपानाच्या जावयाचा, ब्राह्मी लेख मी अक्षरांची वळणे पाहण्यासाठी अभ्यासत होते. त्याचा अर्थ वाचला तेव्हा थक्क झाले. ३,००० कार्षापणांची, म्हणजे त्या काळच्या नाण्यांची, ती कायम ठेव आहे. त्यांपैकी २,००० गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे व्यावसायिक संघाकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने आणि १,००० दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण व्याजाने ठेवले होते. मुद्दल परत घ्यायचे नव्हते, भिक्षूंच्या गरजा व्याजातून भागवायच्या होत्या. मी रोज तयार करत असलेल्या मंजुरीपत्रांच्या जातीचाच हा मजकूर सुमारे १,९०० वर्षांपूर्वी कोणीतरी इतक्या निगुतीने दगडात कोरला होता. आकडे आणि अक्षरे यांत मला एकाचीच निवड करावी लागेल, ही धास्ती त्या लेण्याच्या ओसरीत संपली.

मग हिशोब मांडला. बँक सोडली की गृहकर्जावरचा कर्मचारी सवलतीचा व्याजदर बंद होणार होता, म्हणून वाढीव हप्ता आधीच काढून ठेवला आणि दोन वर्षे बोनसची सगळी रक्कम मुद्दलात भरली. गटविमा नोकरीबरोबर संपणार होता, त्यामुळे कुटुंबाचा आरोग्यविमा नोकरीत असतानाच घेतला. ग्रॅच्युइटीसाठी तेव्हा शेवटचे मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या बेरजेला १५ ने गुणून २६ ने भागत आणि सेवेच्या वर्षांनी गुणत. येणारी रक्कम मी घरखर्चासाठी राखून ठेवली आणि भविष्यनिर्वाह निधीला हात लावला नाही. सासूबाईंना हे सगळे वहीत मांडून दाखवले. त्यांनी ती वही दोनदा वाचली आणि एवढेच म्हणाल्या, "अगं, हे आधीच दाखवायचंस ना."

पहिली कामे लग्नपत्रिकांची आणि दुकानांच्या पाट्यांची मिळाली. कॉलेज रोडवरील एका व्यावसायिकाने माझ्याकडून चार नमुने करून घेतले, एकाचेही पैसे दिले नाहीत आणि त्यांतलाच एक दुकानावर लावला. त्या रस्त्याने जाताना ती पाटी दिसते आणि अजूनही जिव्हारी लागते. अकरा वर्षे इतरांची तारणे तपासली, तरी स्वतःच्या कामाचे पैसे आगाऊ मागायला मी संकोचले होते. आता निम्मी रक्कम हाती आल्याशिवाय बोरू शाईत बुडवत नाही, आणि हे ऐकून कोणी मागे फिरले तर फिरू देते.

पहिल्या वर्षाची मिळकत जुन्या पगाराच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी भरली, दुसऱ्या वर्षी ती त्या पगाराच्या निम्म्यापर्यंत वाढली. सध्या उषवदाताचा तो लेख मी देवनागरीत लिहायला घेतला आहे. कायम ठेवीसाठी त्यात ‘अखयनिवी’ असा शब्द आहे. तो आतापर्यंत सतरा वेळा लिहून झाला, पण ‘ख’ अजून मनासारखा उतरलेला नाही.