पंखा बंद केला की कान का वाजतो

थंडी पडली की रात्रीचा पंखा बंद होतो आणि कानातला आवाज वाढल्यासारखा वाटतो. वीज गेली की तेच. कुणाला रातकिड्यांची किर्र, कुणाला कुकरची शिट्टी सुटायच्या आधीची सूंऽऽ, कुणाला दूरवर गिरणी चालू असल्यासारखी घरघर. आवाज बहुतेक वेळा वाढलेला नसतो, त्याला झाकणारा पंखा थांबलेला असतो. यावरचे पुष्कळसे उपचार या पंख्याच्याच तत्त्वावर चालतात.

तक्रार जुनी आहे. सुश्रुतसंहितेतल्या कानाच्या २८ रोगांत कर्णनाद, म्हणजे हेच कान वाजणं, आहे आणि वेणूसारखा आवाज येतो तो कर्णक्ष्वेड वेगळा सांगितला आहे.

आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखी वळलेली नळी असते. तिच्यात आवाज टिपणाऱ्या केसपेशी असतात, साधारण साडेतीन हजार आतल्या रांगेत आणि बारा हजार बाहेरच्या रांगांत. माणसात त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. मोठ्या आवाजाने आधी ३००० ते ६००० हर्ट्झच्या पट्टीतल्या पेशी जातात, म्हणून यंत्रावर काम केलेल्यांच्या ऑडिओग्राममध्ये, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीच्या आलेखात, ४००० हर्ट्झच्या आसपास खड्डा दिसतो. त्या पट्टीतून मेंदूकडे जाणारा संदेश रोडावला की मेंदू स्वतःकडचा व्हॉल्यूम वाढवतो. रेडिओचं स्टेशन नीट लागेना म्हणून बटण पिळलं की खरखरच मोठी होते, तसा हा प्रकार. प्रयोगात चांगलं ऐकू येणाऱ्या लोकांच्या एका कानात आठवडाभर बूच घातलं, तर त्यातल्या बऱ्याच जणांना नसलेले आवाज ऐकू आले आणि बूच काढल्यावर थांबले. शांतताच आवाज तयार करते, असं म्हटलं तरी चालेल. १९५३ साली हेलर आणि बर्गमन यांनी ऐकण्याची तक्रार नसलेल्या ८० जणांना आवाजबंद खोलीत बसवलं, तर त्यांतल्या ९४ टक्क्यांना काही ना काही ऐकू आलं.

मग त्रास एकाला होतो आणि दुसऱ्याला होत नाही, तो का? मोजलं तर हा आवाज सहसा त्या माणसाच्या ऐकण्याच्या मर्यादेपेक्षा थोडेच डेसिबल वर असतो. फरक पडतो तो मेंदू त्याला धोक्याची घंटा मानतो की नाही यामुळे. रात्री दोन वाजता ‘हा कधी थांबणारच नाही’ असं मनात आलं की अंग ताठ होतं, झोप उडते, लक्ष कानात जातं आणि आवाज आणखी स्पष्ट होतो. ‘मनाचे खेळ आहेत’ असं घरच्यांनी म्हणणं मात्र चूक. आवाज खराच ऐकू येत असतो.

आधी साधी कारणं काढून टाकायची. कानात मळ घट्ट बसला असेल तर नुसत्या त्यानेही कान वाजतो. कापसाची काडी, केसांचा आकडा, किल्ली यांनी मळ निघत नाही, ठोकून आत बसतो. कोमट तेल घालायची सवय घरोघरी आहे. पडद्याला भोक असेल किंवा कान वाहत असेल तर तेल, थेंब, पाणी काहीच घालू नये, आणि भोक आहे की नाही हे घरी कळत नाही. तपासणीत पडदा शाबूत दिसला तर मळ मऊ करणारे थेंब तीन ते पाच दिवस घालतात. एका कुशीवर पडून पाच मिनिटं तसंच राहायचं. मग डॉक्टर शोषून किंवा पिचकारीने मळ काढतात. पिचकारीचं पाणी अंगाच्या उष्णतेइतकंच हवं, गार किंवा गरम असलं तर गरगरतं.

औषधांची यादीही डॉक्टरांपुढे ठेवा. जास्त डोसातली ॲस्पिरिन, क्विनाइन, फ्युरोसेमाइड, जेंटामायसिन-अमिकासिनची इंजेक्शनं, कॅन्सरसाठीचं सिस्प्लाटिन यांनी कान वाजू शकतो. हृदयासाठीची ७५ मिलिग्रॅमची ॲस्पिरिन सहसा याला कारण नसते. ती आपल्या मनाने बंद करू नका, त्यात जिवाचा धोका आहे.

काही खुणा दिसल्या तर वाट पाहायची नाही. एका कानाने एकाएकी किंवा दोन-तीन दिवसांत ऐकू येईनासं झालं आणि तो वाजू लागला, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा. ‘सर्दीने दडा बसलाय’ म्हणत आठवडा घालवला जातो आणि स्टेरॉइडचा उपयोग होण्याचे दिवस निघून जातात. आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर धपधप येत असेल (मनगटावर बोटं ठेवून ताल जुळतो का पाहा) तर रक्तवाहिन्या, हिमोग्लोबिन, थायरॉइड तपासावं लागतं. फक्त एकाच कानात आवाज आणि त्याच कानाने कमी ऐकू येणं असेल तर एमआरआय सांगतात, श्रवणाच्या नसेवर गाठ नाही ना हे पाहायला. ती क्वचितच निघते. चेहरा वाकडा होणं किंवा बोलणं अडखळणं याबरोबर असेल तर थेट इमर्जन्सीत. जबडा आवळला किंवा मान वळवली की आवाज बदलत असेल तर दाताचे डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट उपयोगी पडतात.

तपासणीत ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची यंत्रावरची चाचणी, हवीच, ‘मला नीट ऐकू येतं’ असं वाटत असलं तरी. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत ती होते, शिवाय वैद्यकीय महाविद्यालयांच्या ईएनटी विभागातही. २५ प्रश्नांची एक प्रश्नावलीही असते, गुण ० ते १००. आवाज किती मोठा आहे यापेक्षा तो किती छळतो, हे त्यातून कळतं.

आता रात्रीचं. पंखा, फोनवरचा पावसाचा आवाज, दोन स्टेशनांच्या मधली खरखर, काहीही चालेल. तो कानातल्या आवाजापेक्षा किंचित कमी ठेवायचा, म्हणजे दोन्ही ऐकू आले पाहिजेत. इथेच बहुतेकांचं चुकतं. कानातला आवाज पूर्ण बुडेपर्यंत व्हॉल्यूम वाढवतात. बुडालेल्या आवाजाकडे दुर्लक्ष करायला मेंदू शिकत नाही, आणि सकाळी बंद केल्यावर तो पुन्हा अंगावर येतो. इअरफोन नको, उशाशी स्पीकर ठेवा. टायमरही लावू नका, पहाटे तीनच्या शांततेत जाग येते तीच वाईट असते. शब्द असलेली गाणी टाळा, मन त्यांच्यामागे जातं. फरक आठवड्यांत नाही, महिन्यांत मोजायचा.

ऐकणं थोडं जरी कमी असेल तर कानाचं मशीन हा सगळ्यात दुर्लक्षित उपाय आहे. बाहेरचे बारीक आवाज मेंदूला परत मिळतात आणि त्याला बटण पिळायची गरज उरत नाही. पण ते दिवसभर लावायला हवं. लग्नकार्यापुरतं लावून डबीत ठेवलेल्या मशीनचा कर्णनादाला काही उपयोग नाही.

त्रास कमी करण्याचा सगळ्यात भक्कम पुरावा सीबीटी या, विचारांची आणि वागण्याची सवय बदलायला शिकवणाऱ्या, समुपदेशनाचा आहे. आवाज तोच राहतो, त्याची धास्ती कमी होते. गोळ्यांबद्दल स्पष्ट बोलायचं तर खास कर्णनाद बंद करणारं सिद्ध झालेलं औषध नाही. बीटाहिस्टीन सर्रास लिहून दिलं जातं, पण चक्कर किंवा मेनिएर (आतल्या कानाचा चक्कर आणणारा आजार) यांची तक्रार नसताना नुसत्या कर्णनादावर त्याचा फायदा दिसलेला नाही. जिंकगो ही वनस्पती आणि झिंक यांचंही तसंच. कान वाजतो म्हणून चहा सोडायची गरज नाही, एकदम सोडला तर डोकं दुखेल ते वेगळं.

राहिला प्रश्न पुढच्या नुकसानीचा. दिवसाला ८५ डेसिबल आठ तास ही कानाची मर्यादा धरली तर वरच्या दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो: ९४ला एक तास, १००ला पंधरा मिनिटं. ढोल-ताशा पथकात किंवा डीजेच्या भिंतीसमोर उभं राहिल्यावर हा हिशेब किती लवकर संपतो ते बघा. कानात कापूस कोंबून जवळजवळ काही होत नाही. फोमचं बूच घ्या, बोटांत वळून बारीक सुरळी करा, दुसरा हात डोक्यावरून आणून कान वर आणि मागे ओढा, बूच आत सरकवा आणि फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद दाबून धरा. अर्धं बूच बाहेर लोंबत असेल तर ते बसलेलं नाही. नीट बसलं की स्वतःचा आवाज डेऱ्यात बोलल्यासारखा घुमतो. आणि घरी आल्यावर काढून ठेवा: शांत घरात बूच घालून बसलं की कान जास्तच वाजतो.