शेपटी कुणाची?

परवा दुपारी जेवणं आटोपली आणि ताटलीत तळलेल्या पापलेटची शेपटी तेवढी उरली. ती उचलायला कुणाचाच हात पुढे येईना. आमच्या लहानपणी असं घडलं असतं तर घरात कुणाला तरी ताप आहे असंच समजलं असतं.

पापलेटची शेपटी म्हणजे पापड. कात्रीसारखी दुभंगलेली, कडेला जराशी करपलेली, मीठ-तिखट सगळं तिथेच येऊन साठलेलं. आम्ही भावंडं चार आणि शेपटी एक. आजीने पाळ्या लावून दिल्या होत्या, आणि मागच्या खेपेला कुणी खाल्ली याचा हिशेब तिला तोंडपाठ असे. जून-जुलैत बोटी बंद. एका वर्षी माझी पाळी नेमकी त्यात सापडली आणि थेट नारळी पौर्णिमेपलीकडे गेली. तेवढी वाट मी पुढे दहावीच्या निकालाचीही पाहिली नाही.

एरवी घरात मांदेली, बोंबील, बांगडा. पापलेट यायचं ते पाहुण्यांसाठी. मधला एकच काटा, कंगव्यासारखा. तो अलगद उचलला की खाली पांढरंशुभ्र, लोण्यासारखं मांस. खवले इतके बारीक की नुसत्या हाताने चोळले तरी निघतात. वास जवळपास नाहीच. नव्या जावयाला बिनधोक वाढावा असा सज्जन मासा. मला तर तो जरा जास्तच सज्जन वाटतो. बांगडा स्वतःची चव ठणकावून सांगतो. पापलेट बिचारं मसाला म्हणेल त्याला मान डोलावतं. म्हणूनच त्याच्यावर आलं-लसणाचे थर चढवणाऱ्यांचा मला राग येतो. हळद, मीठ, तिखट, कोकमाचं आगळ, वरून तांदळाचं पीठ, बस्स. रवा लावणारी माणसं वाईट नसतात, पण मी त्यांच्याकडे पापलेट खात नाही.

कालवणातलं डोकं आजी स्वतःच्या ताटात घ्यायची. ‘मला तेच आवडतं गो,’ असं आईला सांगायची. केवढा हा त्याग, म्हणून आम्ही मोठेपणी हळवेही झालो. मग एकदा मीच डोकं घेतलं. कल्ल्यांपाशी, गालाच्या जागी, नखाएवढा मऊ तुकडा निघाला आणि मागोमाग कालवणाचा सगळा रस जिभेवर आला. म्हातारीने आम्हाला जन्मभर शेपटीवर झुंजवत ठेवलं होतं!

पापलेट निवडायलाही तिनेच शिकवलं. कल्ल्याजवळ अंगठ्याने दाबायचं. दुधासारखं पांढरं पाणी आलं तर ताजं, लालसर आलं तर पुढची पाटी. परवाही दाबून पाहिलं. पाणी पांढरंच आलं, पण मासा माझ्या तळहातात मावला.

‘मावशी, एवढंसंच?’

‘मोठी गावतात कुठं आता? नको तर हलवा घे.’

हलव्याला काळं पापलेट म्हणतात खरं, पण त्याचं कूळच वेगळं. आजीने तो पाहुण्यांपुढे पापलेट म्हणून कधीच वाढला नसता. घेतलं तेच, छोटं.

२०२३ साली सरकारने रुपेरी पापलेटला राज्यमासा केलं. पालघरजवळच्या सातपाटी बंदरात आनंद झाला असणार. तिथलं पापलेट नावाजलेलं. त्याच वर्षी पापलेट १३५ मिलिमीटरपेक्षा लहान असेल तर पकडायचं नाही, असाही नियम आला. घरी आल्यावर मी मुलाच्या कंपासातली पट्टी काढून मासा मोजला. टोकापासून टोकापर्यंत १५ सेंटिमीटर. बसला नियमात. बायको म्हणाली, ती पट्टी आधी धुऊन ठेव.

तर, ताटलीत उरलेली शेपटी ही त्याची. दीड बोटाची. मुलाला विचारलं, ‘खातोस?’ त्याने मोबाईलमधून मान न काढताच ‘नको’ म्हटलं.

मग मी खाल्ली. पाळी कुणाची होती, हे सांगायला आता आजी नाही.