कुडाळचे दोन दिवस: जुना लॅपटॉप, लिनक्स आणि व्हॅसल

नोव्हेंबर २०२५ मधल्या एका शुक्रवारी रात्री मी मुंबईहून कोकणकन्या एक्सप्रेसने कुडाळला निघालो, तेव्हा पाठीवरच्या पिशवीत कपड्यांपेक्षा पेन ड्राइव्ह, वायरी आणि स्क्रू ड्रायव्हर यांचेच ओझे जास्त होते. शनिवार-रविवारात माझ्या वसतिगृहातल्या मित्राच्या नऊ वर्षे जुन्या लॅपटॉपवर विंडोजच्या जागी लिनक्स ही मुक्त संगणकप्रणाली बसवायची, त्यावर 'व्हॅसल' हे पटावरच्या खेळांचे सॉफ्टवेअर सुरू करून द्यायचे आणि रविवारी रात्रीच्या गाडीने परत फिरायचे, असा बेत होता. बेत पार पडला, पण मी ठरवलेल्या क्रमाने नाही. अशाच कामासाठी गावाकडे जाणाऱ्या कोणालाही माझ्या अनुभवाचा उपयोग व्हावा, म्हणून हा वृत्तांत तपशिलाने लिहीत आहे.

षट्कोनी घरांचा मोठा नकाशा, त्यावर पुठ्ठ्याच्या शेकडो चौकोनी सोंगट्या आणि चाळीस-पन्नास पानांची नियमावली, असे युद्धाचे पटावरचे खेळ आम्ही वसतिगृहात रात्र-रात्र खेळत असू. तो कुडाळला शिक्षक म्हणून गेला, मी मुंबईत राहिलो आणि खेळ पेटीत बंद झाले. व्हॅसल हे नेमके या अंतरावरचे औषध आहे. ते जावा भाषेत लिहिलेले मुक्त सॉफ्टवेअर असून पटावरचा खेळ संगणकावर मांडण्याचे साधन आहे. एकाच युद्धखेळासाठी तयार झालेले हे साधन पुढे कोणत्याही पटासाठी वापरता येईल असे वाढवले गेले. यात संगणक तुमच्याविरुद्ध खेळत नाही आणि बहुतेक वेळा नियमही तपासत नाही. तो पट मांडतो, सोंगट्या हलवू देतो, फासे टाकतो आणि घडलेले सर्व एका फाइलमध्ये नोंदवतो. ती फाइल ईमेलने पाठवली की समोरचा माणूस आपल्या सवडीने तुमची खेळी पायरीपायरीने पाहतो आणि आपली खेळी परत पाठवतो. शाळा, पेपर तपासणी आणि आईवडिलांची औषधे सांभाळणाऱ्या माणसासाठी याहून सोयीची पद्धत मला माहीत नाही.

लिनक्स कशासाठी, हा प्रश्न त्याने फोनवर विचारला होता. विंडोज १० चा आधार, म्हणजे कंपनीकडून मिळणाऱ्या नेहमीच्या सुधारणा, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि त्याच्या लॅपटॉपमधला २०१६ सालचा प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाही. यंत्र मात्र धडधाकट होते. मेमरी ४ जीबी, पडदा स्वच्छ, कीबोर्डची एकही कळ निखळलेली नाही. असे यंत्र भंगारात घालणे मला मनापासून चुकीचे वाटते.

कोणते लिनक्स निवडावे यावर मी निघण्यापूर्वी दोन आठवडे घालवले, आणि त्यातला बराचसा वेळ चुकीच्या प्रश्नावर गेला. मी डेबियन, फेडोरा आणि लिनक्स मिंट ही तिन्ही वितरणे, म्हणजे लिनक्सची वेगवेगळी तयार रूपे, माझ्या यंत्रावर पेन ड्राइव्हवरून चालवून व्हॅसलचा वेग तपासत होतो. व्हॅसल चालायला जावा हे सॉफ्टवेअर यंत्रावर असावे लागते, आणि त्यामुळेच तिन्हींवर ते जवळपास सारखेच चालते, ३.७ या आवृत्तीला जावा ११ किंवा त्यापुढची आवृत्ती लागते आणि ती तिन्हीकडे मिळते. खरा प्रश्न वेगळा होता: मी मुंबईला परतल्यावर हे यंत्र कोण सांभाळणार? सांभाळणार मित्र, त्याला टर्मिनलची, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीची, सवय नाही, आणि अडचण आली तर तो मला पडद्याचा फोटो पाठवून फोन करणार. म्हणजे मला फोनवरून समजावता येईल आणि त्याला विंडोजच्या सवयीने वापरता येईल, असेच वितरण हवे होते. फेडोराची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते आणि जुनीचा आधार साधारण वर्षभरात संपतो. दूर राहणाऱ्या माणसावर ते काम लादणे योग्य नव्हते. डेबियन १३ अतिशय भक्कम आहे, पण ड्रायव्हर (यंत्राचे भाग चालवणारी सॉफ्टवेअर) आणि सुधारणा यांची मिंटमधली सोपी खिडकी त्यात नाही. मिंटची २२ ही मालिका उबुंटू २४.०४ वर आधारलेली असून तिला २०२९ पर्यंत सुधारणा मिळणार आहेत. मी तिची एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपची आवृत्ती घेतली, कारण ती ४ जीबी मेमरीत व्हॅसलसाठी सर्वांत जास्त जागा मोकळी ठेवते.

मिंटची फाइल जवळपास तीन जीबीची आहे. ती घरी उतरवा आणि तिचा चेकसम, म्हणजे फाइल मूळचीच आहे हे पडताळणारा आकडा, न चुकता तपासा. फेब्रुवारी २०१६ मध्ये मिंटच्या संकेतस्थळावर घुसखोरी होऊन काही काळ भेसळ केलेली फाइल लोकांच्या हाती जात होती, म्हणून या दोन मिनिटांच्या कामाला फाटा देऊ नये. गाडीत काही उतरवता येईल या भरवशावर तर मुळीच राहू नका. रोह्यानंतर कोकण रेल्वेचे बोगदे सुरू होतात, रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदा एकटाच साडेसहा किलोमीटरचा आहे, आणि अर्ध्यावर आलेली फाइल तिथे तुटते. मी व्हॅसल आणि आमच्या खेळाचे मॉड्यूल (त्या खेळाचा नकाशा आणि सोंगट्या असलेली फाइल) मुंबईतच उतरवून घेतले होते. जावा मात्र घेतले नव्हते. ते कुडाळला पोचल्यावर मिंटच्या ऑनलाइन सॉफ्टवेअर-भांडारातून बसवू, असे मी धरून चाललो होतो.

मित्राचे घर पिंगुळीच्या बाजूला, माडांच्या आत आहे. चहा झाल्यावर पहिले काम जुनी हार्ड डिस्क काढून २४० जीबीची एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवण्याचे केले. जुन्या लॅपटॉपसाठी एकाच गोष्टीवर पैसे खर्च करायचे असतील तर ते यावर करा. शिवाय जुनी डिस्क जशीच्या तशी बाजूला राहिल्याने त्यातल्या फोटोंची आणि शाळेच्या कागदपत्रांची काळजी उरली नाही. ज्यांना एकाच डिस्कवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवायचे आहे, त्यांनी आधी विंडोजमधले 'फास्ट स्टार्टअप' बंद करावे आणि बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची किल्ली कागदावर उतरवून घ्यावी.

नंतर पेन ड्राइव्हवरून मिंट 'लाइव्ह', म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवले. इन्स्टॉल करण्याआधी या अवस्थेत वाय-फाय, आवाज, पडद्याचा उजेड आणि झाकण मिटल्यावर यंत्र झोपून परत जागे होते की नाही, हे सगळे पाहून घ्यावे. आमच्याकडे वाय-फाय दिसेना. अशा वेळी घाबरण्याचे कारण नाही: फोन यूएसबी केबलने जोडून टेदरिंग (फोनचे नेट लॅपटॉपला देण्याची सोय) सुरू केले की लिनक्स त्याला सरळ नेटवर्क म्हणून ओळखते. नंतर मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरने वाय-फायचा ड्रायव्हर स्वतःच सुचवला.

इन्स्टॉल सुरू झाले, फाइली कॉपी होण्याची पट्टी निम्म्याहून पुढे सरकली, आणि वीज गेली. पडदा त्याच क्षणी काळा झाला. "बॅटरी कधीचीच मेली हा, सांगूक इसारलंय," मित्र म्हणाला. त्याचा लॅपटॉप कित्येक वर्षे फक्त चार्जरवर चालत होता. अर्धवट इन्स्टॉलमधून पुढे जाता येत नाही. सगळे पहिल्यापासून करावे लागते. दीड तासाने वीज आली, शेजाऱ्यांकडच्या इन्व्हर्टरवरून वायर ओढली आणि दुसऱ्या वेळी ते वीस मिनिटांत पूर्ण झाले. गावी जाणाऱ्यांनी बॅटरीची अवस्था आधी फोनवरून विचारावी, आणि ती मेलेली असेल तर इन्व्हर्टर असलेल्या घरीच इन्स्टॉल करावे. नव्या एसएसडीवर काम केल्यामुळे आमचे वेळेखेरीज काही गेले नाही. जुन्या डिस्कवर, विभाग लहान-मोठे करताना वीज गेली असती तर नुकसान मोठे झाले असते.

संध्याकाळी जावाची गाठ पडली, आणि माझा सर्वांत जास्त वेळ इथेच गेला. फोनच्या नेटचा वेग अगदी कमी होता, म्हणून यादीतले सर्वांत लहान दिसणारे 'ओपनजेडीके २१ जेआरई हेडलेस' हे पॅकेज मी बसवले. व्हॅसल उघडायला गेलो तर काहीच घडेना. खिडकी नाही, संदेश नाही. टर्मिनलमधून चालवल्यावर 'हेडलेसएक्सेप्शन' हा शब्द दिसला आणि उलगडा झाला. हेडलेस जावा हे सर्व्हरसाठी असते, त्यात खिडक्या रंगवणारा भागच नसतो, आणि व्हॅसल तर पूर्णपणे खिडक्यांवर चालते. 'डिफॉल्ट-जेआरई' हे पॅकेज बसवले की पूर्ण जावा येते आणि अडचण संपते. ते उतरेपर्यंत आमचे जेवण होऊन गेले. नेट मुळीच नसेल तिथे टेमुरिन या जावाच्या मोफत आवृत्तीची संकुचित फाइल पेन ड्राइव्हवर सोबत न्यावी. ती नुसती उलगडली की चालते, फक्त तिचा पत्ता व्हॅसलला द्यावा लागतो.

व्हॅसलच्या बाबतीत दोन बारीक गोष्टी सांगतो. त्याची संकुचित फाइल पेन ड्राइव्हवर उलगडू नका. ती तशीच नेऊन लॅपटॉपच्या होम फोल्डरमध्ये उलगडा, नाहीतर सुरू करणाऱ्या स्क्रिप्टची चालवण्याची परवानगी वाटेत हरवू शकते. दुसरी गोष्ट अशी की एक्सएफसीईमध्ये त्या स्क्रिप्टवर दोनदा क्लिक केल्यास ती चालण्याऐवजी संपादकात उघडण्याची शक्यता असते. डेस्कटॉपवर उजवे क्लिक करून 'लाँचर' तयार करावा आणि त्यात स्क्रिप्टचा पूर्ण पत्ता द्यावा. मित्राला आता तिथे फक्त एक चित्र दिसते, आणि त्याला तेवढेच पुरेसे आहे.

रविवारी सकाळी मॉड्यूल उघडले. पहिल्या वेळी व्हॅसल नकाशाच्या मोठ्या चित्राचे लहान तुकडे करून साठवून ठेवते. जुन्या यंत्रावर याला काही मिनिटे लागतात आणि पट्टी अडकल्यासारखी वाटते, पण ती बंद करू नये, कारण पुढच्या वेळी तोच नकाशा लगेच उघडतो. नकाशा उघडताना मेमरी अपुरी पडल्याचा संदेश आला, तर मॉड्यूलच्या प्राधान्यक्रमांत जावाची कमाल मेमरी वाढवावी. आम्ही ती १०२४ एमबी केली. ४ जीबीच्या यंत्रावर याहून फार पुढे जाऊ नये, कारण ब्राउझर उघडा असेल तर सगळेच मंदावते. ज्यांचा पडदा फार दाट पिक्सेलचा आहे आणि अक्षरे मुंगीएवढी दिसतात, त्यांनी जावाला 'यूआयस्केल' हा पर्याय द्यावा. आम्हाला त्याची गरज पडली नाही.

खेळापुरते दोन नियम पाळाच. दोघांकडे मॉड्यूलची आवृत्ती एकच असली पाहिजे, आणि व्हॅसलचीही शक्यतो एकच असावी. मॉड्यूलमध्ये स्वतःसाठी दिलेला पासवर्ड वहीत लिहून ठेवावा आणि खेळ चालू असताना बदलू नये, कारण झाकलेल्या सोंगट्या आणि तुमची बाजू त्या पासवर्डशी बांधलेली असते. तो विसरला तर आपल्याच फौजा आपल्याला दिसत नाहीत. शिवाय मॉड्यूल मिळाले म्हणजे नियमावली मिळाली असे होत नाही. खेळाची पेटी निदान एकाने तरी विकत घेतलेली असावी, असे मला वाटते. ज्यांनी हा खेळ घडवला त्यांचा तेवढा हक्क आहे.

जेवणानंतर आम्ही एकाच ओटीवर, दोन लॅपटॉप घेऊन, मुद्दाम ईमेलनेच तालीम केली. लॉग, म्हणजे खेळीची नोंद, सुरू करायचा, खेळी करायची, फासे टाकायचे, लॉग बंद करायचा, फाइल पाठवायची. दुसऱ्याने ती उघडून पेज डाउनची कळ दाबत एकेक पायरी पाहायची. लॉग बंद न करताच पाठवण्याची चूक त्याने दोनदा केली आणि तिसऱ्यांदा केली नाही. ही तालीम समोरासमोर बसून करणे फार गरजेचे आहे, कारण फोनवर हीच गोष्ट सांगायला आठवडा जातो. मिंटमध्ये मराठीची इनस्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणीही जोडून दिली, त्यामुळे खेळाच्या संवादखिडकीत मराठीत लिहिता येते; फक्त शॉर्टकट दाबण्याआधी इंग्रजी मांडणीवर परत यावे. निघण्यापूर्वी मिंटमधले टाइमशिफ्ट हे साधन सुरू करून प्रणालीची एक प्रत साठवली, म्हणजे एखाद्या सुधारणेने बिघाड केलाच तर मागे जाता येईल.

स्टेशनवर सोडायला आल्यावर त्याने विचारले, पहिली चाल कोणाची? फासे टाकून ठरवले होते, त्याची होती. सोमवारी रात्री साडेदहाला त्याची फाइल आली. मी पेज डाउन दाबत गेलो: एकेक सोंगटी नदीकाठाने सरकत होती, पुलापाशी येऊन दोन पलटणी एकावर एक थांबल्या, फासे पडले, पाच आणि दोन. शेवटच्या पायरीला संवादखिडकीत मराठीत एक ओळ उमटली: "पूल माझा. वीज आहे तोवर पाठवतोय, तू सावकाश खेळ."