स्टिकलबॅकच्या पट्ट्या मोजताना

व्हँकूवरला मास्टर्सच्या प्रकल्पासाठी आलो तोवर स्टिकलबॅक मी फक्त चित्रात पाहिला होता. मांदेलीएवढा मासा, पाठीवर तीन काटे. समुद्रातल्या स्टिकलबॅकच्या दोन्ही कुशींवर डोक्यामागून शेपटीपर्यंत हाडांच्या तीसहून जास्त पट्ट्या असतात, अक्षरशः चिलखत. तळ्यातल्या बहुतेकांना पुढच्या बाजूला जेमतेम पाच-सात. सुमारे १२ हजार वर्षांपूर्वी हिमनद्या मागे सरल्या, समुद्रातले मासे नव्या तळ्यांत शिरले आणि तिथलेच झाले. चिलखत एकेका तळ्यात स्वतंत्रपणे गेलं.

माझ्याकडे समुद्री आणि तळ्यातल्या माशांच्या संकराची नातवंडं होती. प्रत्येकाच्या पट्ट्या मोजायच्या आणि पट्ट्या किती येणार यावर मोठा प्रभाव असलेल्या ईडीए या जनुकाच्या कोणत्या प्रती त्याला मिळाल्या ते तपासायचं. आधी पराचा तुकडा डीएनएसाठी कापून ठेवायचा, मग मासा फॉर्मॅलिनमध्ये. पुढे अ‍ॅलिझरिनच्या रंगात हाडं जास्वंदीसारखी लाल होतात. सूक्ष्मदर्शकाखाली सुईच्या टोकाने एकेक पट्टी मोजताना पहिल्या आठवड्यात एकाच माशाचे दोन वेगळे आकडे यायचे. नंतर प्रत्येक मासा तीनदा मोजू लागलो, तिसऱ्यांदा चिठ्ठी न बघता.

खरी अडचण पुढे आली. डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या जेलवर जनुकाच्या प्रतींचे पट्टे स्वच्छ दिसत होते, पण अर्थ लागेना. अंगभर चिलखत असलेल्या माशाच्या दोन्ही प्रती तळ्याच्या! ईडीएचा परिणाम इतका मोठा आहे की असं सहसा होत नाही. २००५ साली जनुकशास्त्रज्ञ डेव्हिड किंग्जली यांच्या गटाने तो दाखवून दिलेला. मी पीसीआर (डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या असंख्य नकला काढण्याची पद्धत) दोनदा पुन्हा केला, रसायनं बदलली, तीन आठवडे गेले. मग एका संध्याकाळी लक्षात आलं: ९६ खळग्यांच्या (वेलच्या) एका प्लेटमध्ये मी नमुने उभे भरले होते आणि वहीत आडवे लिहिले होते. यादी फिरवली आणि सगळं जागेवर बसलं. तळ्याच्या दोन प्रती असलेले चौथाईच्या आसपास, आणि पट्ट्या कमी नेमक्या त्यांच्याच.

मला सर्वांत भावले ते जेलवर दोन पट्टे दिसलेले मासे, म्हणजे एक प्रत समुद्राची, एक तळ्याची. त्यांतल्या बहुतेकांच्या अंगावर जवळजवळ पूर्ण चिलखत. समुद्रात हेच घडत आलंय. कमी पट्ट्यांची प्रत वीस लाख वर्षांच्या आसपास जुनी, आणि ती थोड्या समुद्री माशांत चिलखताआड लपून राहते. तळं मिळालं की ती वर येते. नव्या उत्परिवर्तनाची वाट बघावी लागत नाही. दूरदूरच्या तळ्यांतल्या माशांत म्हणूनच बहुतेक वेळा तीच जुनी प्रत सापडते. पोटाकडच्या काट्यांची गोष्ट वेगळी. तिथे पिट्क्स१ हे जनुक शाबूत असतं, ते त्या भागात चालू करणारा शेजारचा डीएनएचा तुकडा गळून गेलेला असतो, आणि वेगवेगळ्या तळ्यांत तो वेगवेगळ्या जागी तुटलेला.

पण चिलखत गेलं म्हणजे नवी प्रजाती झाली असं नाही. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या टेक्सडा बेटावरच्या पॅक्स्टन तळ्यात दोन प्रजाती एकत्र राहतात: तळाशी चरणारी थोराड आणि मोकळ्या पाण्यातली सडपातळ. जोडीदार निवडताना मासे आकार बघतात, म्हणून त्या सहसा मिसळत नाहीत. व्हँकूवर बेटावरच्या एनोस तळ्यातली अशीच जोडी मात्र नव्वदच्या दशकात, बाहेरून आलेले क्रेफिश (झिंग्यासारखे गोड्या पाण्यातले प्राणी) तिथे वाढल्यानंतर, संकर होऊन एकमेकींत विरघळली. ते वाचलं त्या दिवशी मला कामात लक्ष लागलं नाही.

अशा जोड्यांतले फरक बरेचदा अनेक जनुकांत विखुरलेले असतात. आता मी त्याच माशांच्या कल्ल्यांच्या आतले, अन्न गाळणारे दाते मोजतोय. त्यात एकेका जनुकाचा वाटा लहान. तिथे प्लेट उभी-आडवी झाली असती, तर माशांनी मला चूक दाखवली नसती. म्हणून आता पिपेट हातात घेण्याआधी प्लेटच्या झाकणावर बाण काढतो.