डाव्याची तक्रार

मंगळवार, रात्री साडेदहा

तक्रार घेऊन गेले होते डाव्या डोळ्याची. नंबर काढणाऱ्या त्या मुलाने झाकला तोही डावाच. उजव्याने वाचा म्हणाला. मी ऐटीत सुरुवात केली आणि चौथ्या ओळीत अडकले. पुढचं अक्षर ‘प’ होतं की ‘ष’, की नुसतंच काही काळं. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, “मॅडम, किती दिवसांपासून असं आहे?”

मला सांगता येईना. असं आहे हेच मला त्या क्षणी कळत होतं.

दोन महिने मी डाव्यावर वैतागलेय. सकाळी बरा असतो. दुपारी तीननंतर जड होतो, पापणीखाली कुसळ गेल्यासारखा खुपतो, दिवेलागणीला भुवईच्या वर ठणका. गेल्या आठवड्यात खालची पापणी लवायला लागली. वहिनी म्हणाली, बायकांचा डावा लवलेला चांगला. चांगलं म्हणजे काय, तर तीन दिवाळी अंकांची प्रुफं एकदम आली. पैसे यायचेत.

गुलाबपाणी घालून झालं. (हे ऐकून डॉक्टर बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.)

घरी आल्या आल्या चप्पलसुद्धा न काढता टेबलावरचं एक जुनं प्रूफ उचललं, डावा डोळा तळहाताने झाकला. शिरोरेषा स्वच्छ, पट्टीने ओढल्यासारखी. पण खालचे काने सगळे दुहेरी, प्रत्येकाला एक फिकट सावली चिकटलेली. ‘रामाचा’ मधले काने मोजायला लागले तर तीनाचे सहा होत होते. मग उजवा झाकला. सगळं जिथल्या तिथे. दोन्ही उघडे ठेवले, तरी सगळं जिथल्या तिथे. म्हणजे उजव्याचा हा गोंधळ मला कधी दिसलाच नसता. जे चित्र स्वच्छ ते मेंदू उचलतो आणि दुसऱ्याबद्दल चकार शब्द काढत नाही.

सिलिंडर नंबर आलाय उजव्याला. सव्वा. डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची गोलाई उभी-आडवी सारखी राहिली नाही की असं होतं, आणि वयाप्रमाणे ती बदलत जाते म्हणे. चष्मा चार वर्षांपूर्वीचा. फ्रेम छान आहे म्हणून बदलला नव्हता.

नंबर वाढला याचं मला काही नाही. चव्वेचाळिसाव्या वर्षी वाढणारच. पण कळलं कसं नाही? माझं पोट या कामावर चालतं. दुसऱ्याच्या मजकुरातली पहिली वेलांटी मला पंधरा पानं आधी टोचते, आणि स्वतःच्या नाकाच्या उजव्या बाजूला काय चाललंय ते दुसऱ्या कुणीतरी काळ्या प्लॅस्टिकच्या पळीने झाकून दाखवावं लागतं. एकदा, एकदा जरी आंघोळीनंतर तोंड पुसताना एक डोळा मिटून कॅलेंडर बघितलं असतं तरी कळलं असतं.

रिक्षात तर डोळ्यांत पाणीच आलं. बिचारा डावा. दोघांचं काम एकट्याने ओढत होता, आणि तो कण्हला म्हणून मी त्यालाच बोलत होते. आणि तो उजवा, काही न करता मजेत. ताईला यातलं काहीच कळवणार नाहीये. ती लगेच हे कुठे नेऊन जोडेल ते मला ठाऊक आहे.

पण ही गोष्ट बाईंना मी आधीच ऐकवून बसले होते, आणि त्यांनी ती तिथेच मोडून ठेवली होती. “तसं नसतं हो. दोन्ही डोळे सारखेच बघत असतात. नंबरात फरक पडला की ताण येतो, ते खरं. पण तुमचा डावा दुखतो तो कोरडा पडलाय म्हणून.” मग दोन्ही खालच्या पापण्यांत टिपकागदासारखी एकेक पट्टी अडकवून पाच मिनिटं बसवलं. पट्टी किती भिजते ते मोजतात. दहा मिलिमीटरच्या वर हवी. उजवा १३, डावा ६. एवढं वाईट वाटत असताना पाच मिनिटांत ६ मिलिमीटर! (रिक्षात मात्र धारा. बाई म्हणाल्याच होत्या, कोरड्या डोळ्यालाही चुरचुरून पाणी येतं, त्या पाण्याला अर्थ नाही.)

“बसता तिथे डाव्या बाजूला काय आहे?”

टेबलफॅन आहे. प्रुफं कागदावर यायची तेव्हा उडायची म्हणून फॅन टेबलाच्या डाव्या कडेला, थोडा वर तोंड करून ठेवलेला. आता सगळं स्क्रीनवर येतं, उडायला काही उरलं नाही, फॅन तिथेच. त्यात स्क्रीनपुढे पापण्या निम्म्यानेही मिटत नाहीत, आणि मिटतात त्याही अर्ध्यामुर्ध्या. म्हणजे डावा हुतात्मा वगैरे काही नाही. वारा लागत होता.

डोळ्याचं प्रेशर मीच मागून तपासून घेतलं. नानांचा काचबिंदू म्हटल्यावर त्यांनीही लगेच हो म्हटलं. १४ निघालं, दोन्हीकडे. मागची नसही ठीक. तरी बजावलं: एखादा डोळा अचानक जोरात दुखला, लाल झाला, दिव्याभोवती रंगीत कडी दिसली, मळमळलं, तर सकाळची वाट बघायची नाही. आणि दुखलं नाही तरी वर्षातून एकदा यायचं, कारण काचबिंदू बहुतेकदा दुखतच नाही. हे मला सांगायला नको. नानांचं कळलं तेव्हा

असो.

नऊ वाजता नानांचे थेंब घातले. थेंब पडला की डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं बोटाने दाबून धरायचा, औषध नाकात उतरू नये म्हणून. सहा वर्षं न चुकता करतेय. आज माझे थेंब घालताना ते म्हणाले, “कोपरा दाब.” साधं पाण्यासारखं औषध आहे नाना, त्याला लागत नाही, म्हटलं. तरी दाबला.

तव्यावर रुमाल गरम करून पापण्या शेकायच्या, पापणीच्या कडेच्या तेलग्रंथी मोकळ्या व्हायला. पहिला रुमाल फार तापला, दुसऱ्याला फोडणीचा वास. दर वीस मिनिटांनी वीस फुटांवर वीस सेकंद बघायचं. आमच्या घरात वीस फूट आहेत कुठे? गॅलरीत उभी राहिले. समोरच्या सोसायटीची पाण्याची टाकी दिसते. वाहत होती.

चष्मा शुक्रवारी. फॅन उजवीकडे ठेवलाय. आता उजव्याने सोसावं थोडं.

झोपायच्या आधी राहवलं नाही म्हणून मे महिन्यात आलेलं ते पुस्तक काढलं, माझ्या हातून गेलेलं. उघडलं ते पान ४१. खालून तिसऱ्या ओळीत ‘परिस्थिति’. शेवटची वेलांटी पहिली. उजवा झाकून बघितलं, डावा झाकून बघितलं. पहिलीच.