सही माझीच होती

चोपडा तालुक्यातल्या एका छोट्या लॅबमध्ये मी टेक्निशियन आहे. मागच्या पावसाळ्यात केळीच्या बागेत मजुरीला जाणारी एक बाई नवऱ्यासोबत आली. हिमोग्लोबिन ४.१. नखं पांढरीफटक, दोन पायऱ्या चढून धाप लागलेली. त्यांच्या फायलीत आमचाच महिनाभरापूर्वीचा रिपोर्ट होता: स्टूलमध्ये जंतांची अंडी आढळली नाहीत. खाली सही माझी.

सकाळची गर्दी, एकच नमुना, सलाईनमधली एकच स्लाईड. तेवढ्यावर दोनेक मिलिग्रॅम मैला येतो. अंडी कमी असली तर हाती लागत नाहीत. त्या सहीवर तिला महिनाभर नुसत्या लोहाच्या गोळ्या मिळाल्या.

या वेळी ताजा नमुना मागितला. मिठाच्या संपृक्त पाण्यात मैला कालवला, छोटी बाटली काठोकाठ भरली, तोंडावर स्लाईड टेकवली आणि वीस मिनिटं घड्याळाकडे बघत बसलो. हुकवर्म या जंताची अंडी त्या पाण्यापेक्षा हलकी, वर येऊन काचेला लागतात. फार वेळ ठेवली तर मात्र चुरगळतात.

मायक्रोस्कोपखाली पहिल्याच फील्डमध्ये दोन अंडी दिसली. भिंग वाढवलं: लंबगोल, अगदी पातळ कवच, आत चार पेशींचा पुंजका, आणि पुंजका नि कवच यांच्यामध्ये काचेसारखी स्वच्छ जागा. अशी किती त्या दिवशी माझ्या स्लाईडबाहेर डबीतच राहिली असतील!

नवरा खिडकीशी उभा होता. "भाऊ, काय निंघनं?"

मी बाईंना विचारलं, "ताई, बागेत चप्पल घालता का?"

"गारामा चप्पल रुतस, भाऊ."

चिखलात अनवाणी काम. पायाच्या बोटांच्या बेचक्यात खाज यायची, तिला वाटलं चिखल्या झाल्या. जंताची अळी कातडीतून अशीच शिरते. रक्तातून फुप्फुसात, तिथून घशात येऊन गिळली जाते आणि आतड्याला चिकटून रोज थोडं थोडं रक्त पिते.

डॉक्टरांना फोन करून आधीचा रिपोर्ट अपुरा होता, हे पहिल्यांदा सांगितलं. रक्त चढलं, जंतावरची गोळी, अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम, दिली गेली. १० फेब्रुवारीला शाळा-अंगणवाडीत १९ वर्षांपर्यंतच्या मुलांना हीच गोळी मिळते. बागेतल्या बाईपर्यंत ती कोण नेणार? आता हिमोग्लोबिन कमी असलं की दिवसाआड तीन नमुने घेतल्याशिवाय मी 'आढळली नाहीत' लिहीत नाही.

तीन आठवड्यांनी फेरतपासणीची डबी घेऊन नवरा एकटाच आला. ती बागेत गेली होती. मी चपलेचं विचारलं. तो काही बोलला नाही.